मागच्या आसनावरून

नायर हँगरच्या फरशीवर खडूने हेलिकॉप्टर काढत होता आणि मी दारात उभी राहून हसत होते. कमांडर नायर आमच्या चौकशी मंडळातला इंजिनिअर. पात्यावरची चीर नुसत्या बोटाने ओळखणारा हा माणूस गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, ठिक्करबिल्ल्याचे घर आखावे तसे नाक, दोन दारे आणि लांबलचक शेपटी आखत होता. मग खलाशांनी समुद्रातून काढलेला एकेक तुकडा आणून त्या आकृतीत आपापल्या जागी मांडायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी तीन आसने आली. गोड्या पाण्याने धुतलेली असूनही त्यांना खाऱ्या चिखलाचा वास येत होता. डावीकडचे मागचे आसन जागेवर टेकले आणि माझे हसू गेले, कारण त्या आसनावरून काढलेला माणूस मी शवागारात पाहिला होता.

मी तेव्हा नौदलात वैमानिकांची डॉक्टर होते. कुठल्या तळावर, ते सांगत नाही. माझे काम दोन प्रकारचे. जिवंत वैमानिक उडायला लायक आहे की नाही ते ठरवायचे, आणि मेलेला कशाने मेला ते लिहायचे. दुसरे काम कमी वेळा यायचे, पण पहिल्यापेक्षा सोपे वाटायचे, कारण मेलेली माणसे हुज्जत घालत नाहीत.

अशा अहवालांची भाषा मोठी सोवळी असते. त्यात हेलिकॉप्टर समुद्रात पडत नाही, त्याचा ‘पाण्याशी अनपेक्षित संपर्क’ होतो. माणूस बुडत नाही, तो ‘बाहेर पडण्यास असमर्थ ठरतो’. सुरुवातीला मला या भाषेचा राग यायचा. पुढे कळले, की ती भाषा आमच्यासाठीच असते. नाहीतर सकाळी हे लिहून दुपारी जेवायला बसणार कोण?

अपघात साधा होता, म्हणजे कागदावर साधा. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. समुद्र तेल पसरल्यासारखा सपाट, वर पांढरट धूसर, आणि क्षितिज कुठे पुसले गेले होते कोण जाणे. अशा दिवशी खाली पाहिले तर पाणी दिसत नाही, आकाशच दिसते. बोटीवरून माणूस दोराने वर ओढून घ्यायचा सराव चालू होता. हेलिकॉप्टर बोटीजवळ तरंगत होते आणि तरंगता तरंगता कोणाच्याही लक्षात न येता खाली सरकत होते. शेपटी पाण्याला लागली. बोटीवरच्या सगळ्यांनी तेच सांगितले, की आवाज झाला तोवर ते उलटे झालेले होते. इंजिनाचे सगळे ओझे वर, त्यामुळे पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर लगेच पालथे होते आणि आतला माणूस डोके खाली, पाय वर असा पट्ट्याला लटकतो. चोहोकडे अंधार आणि नाकात पाणी.

यासाठी तलावात एका पिंपात बसवून आम्ही सगळ्यांना शिकवायचो. एका हाताने खिडकीची चौकट धर. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत थांब. मग दुसऱ्या हाताने छातीवरची चकती फिरव, पट्टा सुटेल. चौकटीवरचा हात मात्र मेलास तरी सोडू नको, कारण हात सुटला की वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही.

आत तिघे होते. मुख्य वैमानिक सेठी उजव्या दारातून बाहेर फेकला गेला आणि बोटीने उचलला. त्याला त्यातले काहीच आठवत नव्हते. डावीकडे पुढे बसलेला लेफ्टनंट यशोधन पालेकर थोड्या वेळाने आपणहून वर आला. त्याच्या मागे बसलेला पेटी ऑफिसर मोरेश्वर तांडेल वर आलाच नाही. पाणबुड्यांनी त्याला नंतर समुद्राच्या तळावरून काढला, तो आसनावरच, पट्टा नीट आवळलेला.

तांडेलचे शवविच्छेदन मी केले. मान मोडलेली होती, फुफ्फुसात पाणी नव्हते. म्हणजे हेलिकॉप्टर आदळले त्याच क्षणी तो गेला. यात शंकेला जागा नव्हती, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. निदान त्याला खाली अंधारात काही भोगावे लागले नाही.

घोळ घातला तो पालेकरच्या जबाबाने.

तो आमच्यासमोर बसला तेव्हा दोन्ही मनगटे प्लास्टरमध्ये होती, नुसती बोटांची टोके बाहेर. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, पण चेहरा महिनाभर न झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा. पडल्यापासूनचे त्याने सरळ सांगितले. पालथे झालो, चौकट धरायला गेलो तर हातांत जोरच नव्हता, चकतीवर बोटे ठेवली पण ती फिरेना. मंडळाचे अध्यक्ष कॅप्टन मोघे यांनी पुढे काय झाले ते विचारले.

“मग तांडेलनी थोपटलं, सर. खांद्यावर, दोनदा.”

हे थोपटणे त्या तुकडीतले सगळे जाणत होते. पंख्याच्या आवाजात कानातले यंत्र कधीकधी निकामी व्हायचे, तेव्हा खाली उतरण्याआधी मागे बसणारा माणूस पुढच्याच्या खांद्यावर दोनदा हात मारायचा. मागे सगळे ठीक आहे, मी आहे, असा त्याचा अर्थ. कुठल्या नियमात हे लिहिलेले नव्हते. तांडेलनेच ते सुरू केले होते, आणि पोरांना त्याची इतकी सवय झाली होती, की त्याशिवाय कोणी हेलिकॉप्टर खाली नेत नसे.

पालेकरचे म्हणणे असे, की दोन थापा बसल्या, मग बाजूने एक हात पुढे आला, छातीवरची चकती फिरली, पट्टा सुटला, आणि त्याच हाताने त्याला खिडकीकडे ढकलले. तो वर आला. वर येऊन त्याने वाट पाहिली. मागून कोणीच आले नाही.

मोघे मिरजेचे. बाहेरून करवंदाच्या जाळीसारखे आणि आतून मऊ. त्यांनी पालेकरला बाहेर बसायला सांगितले आणि आम्हा दोघांशी बोलले. हे असे जबाबात राहिले तर त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागेल, आणि मग त्याचे उडणे संपले. सेठीला काही आठवत नाही, यालाही काही आठवत नाही असे लिहू. हाडे जुळली की पोरगा पुन्हा उडेल. नायरला हे पटले. मलाही पटले. पण पालेकर अशा जबाबावर सही करायला तयार होईना. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

“मॅडम, मला एकच सांगा. ते जिवंत होते का?”

मी सांगितले, की नव्हता. मान आधीच मोडली होती.

“मग मला कोणी सोडवलं?”

“तूच सुटलास. अशा वेळी माणूस काय करतो ते त्याला नंतर आठवत नाही.”

त्याने प्लास्टरमधले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ती चकती कडक असते, फिरवायला मनगट लागते. त्याची दोन्ही मनगटे आदळतानाच मोडली होती, हे मीच लिहिलेले होते.

“ते जिवंत असतील, तर मी त्यांना खाली टाकून वर आलोय,” तो म्हणाला. “नसतील, तर माझं डोकं फिरलंय. तुम्ही जे म्हणाल ते मी मानेन. पण एक काहीतरी म्हणा.”

मला त्याची फार दया आली. पोराची झोप माझ्या एका शब्दावर अडकली होती, आणि तो शब्द माझ्याकडे नव्हता.

म्हणून मोघ्यांनी हँगरमधली ती दुपार ठरवली. डोळ्यांनी पाहिले की त्याला पटेल, असा त्यांचा साधा हिशेब. मागे पट्टा बांधून बसलेल्या माणसाचा हात पुढच्यापर्यंत पोचतच नाही, हे एकदा दाखवून द्यायचे. तांडेल ठेंगणा होता, साधारण माझ्याएवढा. त्यामुळे त्याच्या आसनावर मी बसायचे ठरले. मेलेल्या माणसाच्या जागी बसायला मला काही वाटणार नाही असे मी ऐटीत सांगितले होते, पण पाठ टेकली तेव्हा अंगावर काटा आला. बसायची गादी अजून ओलसर होती.

पालेकर पुढच्या आसनावर बसला. आमच्या चहूबाजूंनी खडूची रेघ होती, तिच्या बाहेर मोघे आणि नायर. नायरने माझा पट्टा आवळला, तांडेलचा जेवढा आवळलेला सापडला होता तेवढाच. मी उजवा हात पूर्ण पुढे केला. माझी बोटे पालेकरच्या खांद्यापासून वीतभर मागे राहिली. छातीवरची चकती तर आणखी कितीतरी लांब. नायरने टेप लावून मोजले, पालेकरला वळून पाहायला सांगितले. पालेकरने पाहिले आणि मान हलवली.

“पटलं?” मोघ्यांनी विचारले.

“पटलं, सर. पण एकदा माझे डोळे बांधा. मला पहिल्यापासून एकदा जायचंय.”

मोघ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हरकत घेतली नाही. नायरने आपल्या रुमालाने त्याचे डोळे बांधले, आणि मला बजावले गेले, की हात मांडीवर ठेवा, काही झाले तरी त्याला स्पर्श करू नका.

हँगरची दारे उघडी होती. बाहेर पांढरे ऊन होते आणि वारा पडला होता. पालेकर हळूहळू बोलू लागला. वर आकाश दिसतंय. खालीही आकाशच दिसतंय. सेठीसर म्हणतायत, उंची बघ. मी बघतोय. शेपटी लागली. तो बोलत होता तसा त्याचा श्वास आखडत गेला, आणि मी डॉक्टर असूनही माझा श्वास त्याच्याबरोबर आखडला. त्याने पालथे झाल्याचे सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात रक्त उतरल्यासारखे झाले आणि पट्टा खांद्यांत रुतला. पाणी आलं, तो म्हणाला. अंधार झाला. हात चालत नाहीत. मग तो गप्प झाला. हँगरमध्ये इतकी शांतता होती, की कुठेतरी धुतलेल्या पत्र्यावरून ठिबकणारे पाणी ऐकू येत होते.

“हो,” पालेकर एकदम म्हणाला, अगदी सहज, ओळखीच्या माणसाशी बोलावे तसे. “कळलं. निघतो.”

आणि तो रडायला लागला.

मी मोघ्यांकडे पाहिले. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. ते माझ्याकडे नाही, पालेकरच्या खांद्याकडे पाहत होते.

“डॉक्टर,” ते हळू म्हणाले, “तुम्हाला हात लावू नका म्हटलं होतं.”

मी लावला नाही, असे मी सांगितले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. आत्ता, हे लिहितानासुद्धा, ते मांडीवर होते एवढेच मला माहीत आहे.

“दोनदा मारलात,” नायर म्हणाला. “मी इथेच उभा आहे.”

मग तो पुढे आला आणि काही न बोलता त्याने माझा हात धरून ताणला. वीतभर कमी पडला. त्याने पट्टा तपासला, तो तसाच आवळलेला. पुन्हा ताणला, पुन्हा कमी पडला. नायर मोघ्यांकडे वळला, आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. आपण कोणाचा हात पाहिला, हे दोघांपैकी कोणीच बोलले नाही. मी विचारलेही नाही. मला त्या आसनावरून लवकरात लवकर उठायचे होते, आणि माझ्या धडधाकट मनगटांनी ती चकती पहिल्या खेपेला फिरेना.

बाहेर बदामाच्या झाडाखाली बाकावर एक म्हातारा बसला होता. तांडेलचे वडील, हिराजी तांडेल. रायगडच्या किनाऱ्यावरून आले होते, मुलाचे कपडे न्यायला. सगळी जिंदगी होडीवर काढलेला माणूस. डोक्यावर लाल गोल टोपी, पायांत काही नाही. आम्ही चौघे बाहेर आलो तसे ते उठले. आमचे चेहरे पाहून त्यांना काय वाटले कोण जाणे, पण वर आलेला पोरगा कोणता ते त्यांना सांगावे लागले नाही. प्लास्टर पाहून त्यांनी ओळखले. तरी पहिला प्रश्न त्यांनी मला केला.

“माजा पोर पान्यान जिता व्हता का, बाय? तवरं सांग.”

“नाही बाबा,” मी म्हणाले. “पडता क्षणीच गेला. त्याला काही कळलं नसेल.”

त्यांनी मान डोलावली. हे ऐकायलाच ते एवढ्या लांब आले असावेत. मग ते पालेकरकडे वळले.

“आनि तू काय सांगतंस?”

पालेकरने मोघ्यांकडे पाहिले. मोघ्यांनी खाली पाहिले. काही आठवत नाही, एवढे तीन शब्द त्याला म्हणायचे होते. सगळ्यांचे भले त्यातच होते, आणि म्हाताऱ्याचेही होते, कारण नुकतेच कुठे मी त्यांच्या जिवाला शांत केले होते. पण पालेकरने सगळे सांगितले. थापा सांगितल्या, हात सांगितला, पट्टा सांगितला. शेवटी म्हणाला, “मी त्यांना खाली सोडून वर आलो, बाबा.”

म्हाताऱ्याने मला विचारले, की मान मोडलेल्या माणसाने हात कसा उचलला. मला माहीत नाही, असे मी सांगितले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कुठल्या नातेवाइकासमोर उच्चारले नव्हते. मग त्याने मोघ्यांना विचारले, की तुमच्या कागदावर काय लिहिणार.

मोघे खोटे बोलले नाहीत. हे लिहिणार नाही, म्हणाले. लिहिले तर या मुलाला वेडा ठरवतील आणि पुन्हा उडू देणार नाहीत. तुमच्या मुलाबद्दल डॉक्टरांनी सांगितले तेवढेच लिहिले जाईल.

“म्हंजे मेला, येवरंच लिवनार?”

मोघ्यांनी होकारार्थी मान हलवली.

“येवरी वरसं मान्सं पान्यातून वर काढायची नोकरी केली त्यानं,” हिराजी तांडेल म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “शेवटाला पन येक काढला. ता तुमी लिवनार नाय.” मग त्यांनी पालेकरच्या प्लास्टरवर हात ठेवला. “पन तुजं नुसकान व्हत आसंल तं नको लिवू, बाला. मी काय बोलनार नाय. तू वर आलास, येवरं मना पुरं हाय.”

पालेकरने मोघ्यांकडे आपला मूळचा जबाब मागितला, न खोडलेला. मोघ्यांनी त्याला विचार कर म्हटले, दोनदा म्हटले, आणि मग तो आणून दिला. त्या सहीनंतर पुढचा कागद माझ्या टेबलावर येणार आणि त्याच्या उड्डाणबंदीवर मलाच सही करावी लागणार, हे मला माहीत होते आणि त्यालाही माहीत होते. तो बाकासमोर गुडघ्यांवर बसला. पेन बोटांच्या टोकांत बसेना, दोनदा निसटले. कागद घसरत होता. म्हाताऱ्याने वाकून आपला रुंद, खरबरीत तळवा त्या कागदावर ठेवला, आणि शेवटचे अक्षर होईपर्यंत उचलला नाही.